आप्पा इनलँड भरभरून लिहायचे, आता नुसतं ‘ओके’ पाठवतात

ताई,
मी मूळची चिपळूणजवळच्या गावातली, लग्नानंतर बंगळुरूला, आता पंचेचाळिशीत आहे. माझे वडील, आप्पा, हायस्कूलला मराठी शिकवायचे. मी १९९७ ते २००१ पुण्यात हॉस्टेलला होते तेव्हा दर आठवड्याला त्यांचं इनलँड यायचं, सगळ्या घड्या भरलेल्या, मार्जिनमध्येसुद्धा आडवं लिहिलेलं. ती पत्रं मी जपून ठेवलीत. आजोबा परळला गिरणीत होते, त्यांची आणि अख्ख्या वाडीची पत्रं आप्पाच लिहायचे-वाचायचे. आता त्यांना चांगला फोन घेऊन दिलाय तर रोज सकाळी फुलांचं चित्र, सुविचार आणि दिवसभर फॉरवर्ड. मी काही विचारलं की ‘ओके’, नाहीतर अंगठा. फोन केला की ‘बरं आहे, आईशी बोल’. आईशी रोज अर्धा तास बोलणं होतं, ते सोडा. गेल्या महिन्यात ऑफिसचं टेन्शन होतं आणि मी फॅमिली ग्रुपवर लिहून गेले की आप्पा प्लीज फॉरवर्ड बंद करा, कोणी वाचत नाही. ते ग्रुपमधून बाहेर पडले. आता माझे मेसेज वाचतात, निळी टिक दिसते, उत्तर नाही. भाऊ म्हणतो टेक्नॉलॉजीनेच माणसं तोडली. खरंय का हे? मी परत पत्रं लिहायला लागू का?
— चिपळूणची लेक

अगं लेकी,

आधी लगेच करायचं ते सांगते, बाकीचं मग बोलू. आज संध्याकाळी फोन लाव, आईच्या नाही, आप्पांच्या नंबरवर लाव, आणि सांग की आप्पा, ग्रुपवर सगळ्यांदेखत बोलले ते चुकलं माझं. बस एवढंच. त्याला ‘पण तुम्हीही ना’ असं शेपूट जोडू नकोस, फॉरवर्ड पाठवावेत की नाही ही चर्चा त्या फोनवर नको, आणि ते ‘बरं बरं, आईशी बोल’ म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, आईशी बोल आणि फोन ठेव. त्यांनी ऐकलेलं असतं.

कारण असं की त्यांना फॉरवर्ड बंद करायला सांगितलं याचं एवढं काही नाही, ते कुठे सांगितलं याचं दुःख आहे. ग्रुपवर जावई आहे, सून आहे, पुतणे, भाचे, कुणाकुणाची सासरची माणसं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या त्याला त्या सगळ्यांसमोर लेकीने लिहून दिलं की तुमचं कोणी वाचत नाही. आणि आप्पांच्या पिढीला तर हा फरक अगदी पक्का ठाऊक होता गं, कार्डावर काय लिहायचं आणि बंद पत्रात काय. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झालं, पाव आण्याला, आणि ते उघडं असतं, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचणार हे धरूनच लोक लिहायचे. बारशाची तारीख, पोचल्याची खबर, अमुक गाडीने येतोय, हे कार्डावर. पैशाची अडचण, जमिनीची भांडणं, मुलाला रागावणं, हे सगळं इनलँडमध्ये किंवा पाकिटात. कुणी गेल्याचं कार्ड असेल तर कोपरा फाडायचा, शुभ असेल तर हळदकुंकू लावायचं, म्हणजे वाचायच्या आधीच कळायचं. हे नियम कोणी शिकवले नव्हते, वापरून वापरून ठरले होते. फॅमिली ग्रुप म्हणजे पोस्टकार्ड आहे. तू इनलँडमधली गोष्ट कार्डावर लिहिलीस.

आता तुझ्या भावाच्या म्हणण्याकडे येते, कारण हे वाक्य आजकाल प्रत्येक घरात ऐकू येतं आणि मला ते पटत नाही. टेक्नॉलॉजीने माणसं तोडली असं म्हणायचं तर आधी माणसं जोडलेली कशी होती ते तरी नीट बघूया ना, आणि तेही तुमच्याच घरापासून.

तुझे आजोबा परळला गिरणीत होते. म्हणजे तुमचं घर कोकणातल्या हजारो घरांसारखंच मनीऑर्डरवर चाललेलं. मनीऑर्डर पोस्टाने १८८० मध्ये सुरू केली, आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी चुली मुंबईच्या गिरण्यांतून आलेल्या त्या पैशांवर पेटल्या. त्या फॉर्मच्या खाली एक छोटी कुपन-पट्टी असायची, चार ओळींची जागा, त्यात निरोप लिहायचा. पैसे देताना पोस्टमन ती पट्टी फाडून हातात द्यायचा आणि बाईला वाचता येत नसेल तर दारातच वाचूनही दाखवायचा. ‘पैसे पाठवले आहेत, दुकानदाराचे देणे, गणपतीला रजा मिळाली तर येतो.’ असलं काहीतरी. वर्षभरात नवरा-बायकोमध्ये जे काही बोलणं व्हायचं ते एवढं, आणि तेही पोस्टमनच्या तोंडून, शेजारणी पडवीत उभ्या असताना. उलट निरोप पाठवायचा तर मास्तरांकडे जायचं, म्हणजे तुमच्या वाडीत तुझ्या आप्पांकडे. आता सांग, परक्या पुरुषाला कुठली बाई सांगेल की लिहा, मला तुमची आठवण येते, रात्री झोप लागत नाही? ती सांगायची, लिहा की म्हैस व्यायली, पोरांना ताप येऊन गेला, काळजी नसावी. मनातलं मनातच राहायचं. तुझी आजी लिहायला शिकली होती का मला माहीत नाही, पण तिच्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं आयुष्य असंच गेलं. त्यामुळे तो पत्रांचा जमाना किती सुंदर होता असं कोणी म्हणालं की मी नेहमी विचारते, कोणासाठी? ज्याला लिहिता येत होतं त्याच्यासाठी.

आणि तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. ‘आईशी रोज अर्धा तास बोलणं होतं, ते सोडा.’ अगं का सोडा? ती पत्रं आज पुन्हा उघड आणि आई कुठे आहे ते शोध. मला खात्री आहे, शेवटच्या घडीवर गोंद लावायच्या जागेच्या वर एक ओळ असेल, ‘आईचे अनेक आशीर्वाद, तब्येतीची काळजी घेणे’, आणि तीही आप्पांच्याच अक्षरात. चार वर्षं तू हॉस्टेलला होतीस आणि तुझ्या आईचा आवाज तुझ्यापर्यंत असा यायचा, एका ओळीत, नवऱ्याच्या हातून. आज तीच बाई स्वतः फोन उचलून तुझ्याशी रोज अर्धा तास बोलते, तिला काय वाटतं ते तिच्या शब्दांत सांगते, मधे कोणी लेखक नाही, वाचक नाही. तुझ्या घरात या टेक्नॉलॉजीने जर कोणाला काही दिलं असेल तर ते आईला दिलंय. आप्पांची पत्रं गेली याचं तुला जे वाटतंय ते खरं आहे, मी ते कमी लेखत नाही, पण हिशेब मांडायचाच असेल तर आईचा अर्धा तासही त्यात धर.

बरं, मग आप्पांचं काय झालं? जो माणूस इनलँडवर जागा पुरत नाही म्हणून मार्जिनमध्ये लिहायचा तो फोनवर एवढा मुका का? तर माझ्या मते तीन गोष्टी झाल्यात, आणि एकीतही प्रेम आटलेलं नाहीये.

पहिलं म्हणजे फोनवर बोलायचं असतं हे त्यांच्या अंगवळणी कधी पडलंच नाही. त्यांनी फोन पहिल्यांदा बघितला तो ट्रंक कॉलचा. एक्स्चेंजला नंबर द्यायचा, तासन् तास वाट बघायची, आणि लागला की तीन मिनिटांचा हिशेब, ओरडून बोलायचं, ऑपरेटर मधे बोलणार. एसटीडी म्हणजे ऑपरेटरशिवाय दुसऱ्या गावाला थेट फोन, तो देशात पहिल्यांदा १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाला आणि गावागावात पिवळ्या पाटीचे बूथ यायला ऐंशीचं दशक संपत आलं. तू पुण्यात होतीस म्हणजे तो बूथ तुझ्याही चांगला लक्षात असेल, काचेची ती कोंडलेली केबिन, समोर लाल आकड्यांचा मीटर, बाहेर रात्रीच्या स्वस्त दरासाठी लागलेली रांग, आणि फोन ठेवला की कर्र कर्र करत बिल छापणारं ते यंत्र. तो लाल आकडा पळत असताना माणूस काय बोलणार? पोचलीस का, पैसे आहेत का, बरं आहे, ठेवतो. फोन म्हणजे कामापुरतं आणि पटकन, हे या पिढीच्या हाडात गेलंय. आज कॉल फुकटात जमा असला तरी त्यांच्या डोक्यातला मीटर चालूच आहे. मन मोकळं करायचं ते कागदावर, हा त्यांचा नियम होता, आणि तो कागद आपण काढून घेतला.

दुसरं, कागद काढून घेतला आणि बदल्यात जे दिलं त्यावर त्यांना लिहिता येत नाही. हे आपल्या लक्षातच येत नाही कारण आपण हळूहळू शिकलो. एसएमएस आला तेव्हा एका मेसेजमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसायची (ही मर्यादा ठरवताना फ्रिडहेल्म हिलेब्रँड या जर्मन इंजिनिअरने लोक पोस्टकार्डावर साधारण किती लिहितात तेही पाहिलं होतं, म्हणजे आपलं कार्ड तिथेही पोचलं म्हणायचं). पण देवनागरीत लिहायचं तर त्याच मेसेजमध्ये फक्त ७० अक्षरं मावायची, म्हणजे जास्त मेसेज, जास्त पैसे, आणि बऱ्याच हँडसेटवर मराठी दिसायचंही नाही, नुसते चौकोन. मग आपण सगळ्यांनी काय केलं, मराठी बोलायची पण इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, ‘कधी येणार’ हेसुद्धा रोमन लिपीत. आपल्याला चाललं. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा लाल पेनने केलेल्या मराठीच्या मास्तरांना ते कसं चालावं? आता फोनवर मराठी कीबोर्ड आहे, पण एवढ्याशा चौकोनांत क्ष कुठे, ज्ञ कुठे, रफार कसा द्यायचा, चष्मा वर करून शोधायचं, एक ओळ लिहायला दहा मिनिटं, मधेच बोट चुकीच्या जागी लागून अर्धवट वाक्य पोचतं, आणि पोचलेल्या वाक्यात शुद्धलेखनाची चूक. ही चूक त्यांच्याने सहन होत नाही गं. त्यापेक्षा ‘ओके’ बरं, ‘ओके’त ऱ्हस्व-दीर्घ नाही. अंगठा तर त्याहून बरा.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाडीची पत्रं आप्पा लिहायचे, तू सहज लिहून गेलीस. याचा अर्थ कळतोय का तुला? कुणाची तार आली की लोक धावत त्यांच्याकडे यायचे, कारण तार बहुतेक इंग्रजीत, आणि तार म्हटलं की वाईटच बातमी या भीतीने घरात रडारड आधीच सुरू झालेली, मग आप्पा ती उघडणार, वाचणार, आणि सांगणार की अहो रडू नका, मुलाला नोकरी लागलीय. लग्न ठरलं की पत्रिकेचा मजकूर आप्पांचा. कोर्टाचा कागद आला, आप्पांना दाखवा. कुठल्या घरात काय चाललंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोण मुंबईहून पैसे पाठवत नाही, सगळं त्यांना माहीत आणि कधी तोंडातून बाहेर नाही. त्या माणसाला गावात केवढा मान होता. मग घराघरात फोन आले, मुलं शिकली, २०१३ च्या जुलैत तर तारसेवाच बंद झाली, आणि एकेक करून सगळी कामं संपली. कोणी काढून टाकलं नाही, कोणी निरोपसमारंभ केला नाही, नुसतं लोकांचं येणं बंद झालं. शाळेतून रिटायर होताना तरी नारळ-शाल मिळते. यातून रिटायर झालेल्याला काय मिळतं? आणि मग ज्या एका ठिकाणी ते अजून काहीतरी पाठवत होते तिथे लेक म्हणाली, कोणी वाचत नाही.

मी तुला टोचायला लिहीत नाहीये. तू थकलेली होतीस, दिवसाला वीस-पंचवीस फॉरवर्ड कोणालाही नकोसे होतात. पण आता त्या सकाळच्या फुलांच्या चित्राबद्दल बोलूया, कारण त्याची सगळे चेष्टा करतात आणि मला ती चेष्टा आवडत नाही.

आप्पांचं कुठलंही जुनं पत्र काढ आणि पहिल्या दोन ओळी वाच. ‘चि. अमुक हिस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम, तुझे क्षेम कळवणे.’ दर आठवड्याला तेच शब्द, त्याच क्रमाने. त्यात नवीन माहिती शून्य. तरी तू त्या ओळी वाचायचीस आणि बरं वाटायचं, हो ना? तारेच्या काळात तर शुभेच्छांना नंबर दिलेले होते, दिवाळीचा अमुक नंबर, लग्नाचा अमुक, पोस्टात जाऊन नंबर सांगायचा आणि पलीकडे छापील वाक्य पोचायचं, आणि लग्नघरात त्या तारा वाचूनही दाखवायचे, कोणी म्हणायचं नाही की हे वाक्य तर रेडीमेड आहे. मग मोबाईल आला, १९९५ च्या जुलैत देशातला पहिला कॉल झाला, तेव्हा येणाऱ्या कॉललासुद्धा पैसे पडायचे, आणि पुढे इनकमिंग फुकट झालं तरी आउटगोइंग परवडत नव्हतं, तेव्हा आपण काय शोधून काढलं? मिस कॉल. ‘पोचलीस की मिस कॉल दे.’ एक रिंग, कट. एकही शब्द नाही आणि आईचा जीव भांड्यात पडायचा. सकाळचं गुलाबाचं चित्र त्याच जातीचं आहे. उठलो, बरा आहे, तुझी आठवण झाली. वाचण्यासारखं त्यात काही नसतंच, ते आलं की नाही एवढंच बघायचं असतं.

२०२१ चा जुलै आठव. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घरादारांत शिरलं, लाइट गेली, नेटवर्क गेलं, आणि बाहेरगावची तुम्ही सगळी मुलं वेड्यासारखे फोन लावत होतात. तुमचं गाव शहरापासून किती लांब ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी तुझ्या फोनवर आप्पांचं एक सूर्योदयाचं चित्र आलं असतं तर तू ते किती वेळ बघत बसली असतीस?

हां, सगळेच फॉरवर्ड असे निष्पाप नसतात आणि इथे मी आप्पांची बाजू घेणार नाही. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा अशीच फोनाफोनी पसरली आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालायला घेतली. त्यामुळे ‘अमुक पाला खा, शुगर जाईल’, ‘अमुक लोकांपासून सावध’, हे आलं की थांबवायलाच हवं. पण कसं? ‘आप्पा, हे खोटं आहे’ असं नाही. त्यांना वेगळा मेसेज करून विचार, आप्पा, हे कोणी लिहिलंय, कुठल्या तारखेचं आहे, तुम्हाला भाषा कशी वाटते? मराठीचा मास्तर आहे तो, त्या मजकुराकडे एकदा तपासायला आलेली वही म्हणून बघू दे, मजकूर कुठे लंगडा आहे ते त्यांना तुझ्यामाझ्याआधी दिसेल. आणि मेसेजच्या वर दोन बाण दिसले की तो पुष्कळ हातांतून आलाय हेही दाखवून ठेव. फुलांना हात लावू नकोस, अफवा तेवढ्या गाळ.

आता करायचं काय ते.

लिहिण्याची अडचण सोडवायला सोपा उपाय असा की त्यांना टाइप करायला लावूच नकोस. वहीच्या कागदावर पेनने लिहा आणि त्याचा फोटो काढून पाठवा. बस. अक्षर त्यांचं, शुद्धलेखन त्यांचं, मार्जिन त्यांचं, आणि पोस्टाचे चार दिवस वाचले. पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा समोर बसून चार-पाच वेळा करून घे, फोटो सरळ कसा काढायचा, उजेड कुठून घ्यायचा, पाठवताना तुझं नाव वरती कसं पिन केलेलं आहे. बोलून टाइप करायची सोय मराठीत २०१७ पासून आहे, तीही दाखव, पण ती स्वल्पविराम खाते आणि कोकणी हेल कधीकधी भलताच ऐकते, त्यामुळे आप्पा वैतागले तर आग्रह करू नकोस. व्हॉइस मेसेज मात्र नक्की शिकव, आणि शिकवताना एक गोष्ट विसरू नकोस, माइकचं बटण दाबून वर सरकवलं की ते लॉक होतं, मग बोट उचललं तरी चालतं. वयस्कर माणसांचे तीन-तीन सेकंदांचे तुटके मेसेज येतात ना, ‘हॅलो’, ‘अगं मी काय’, ‘ते आपलं’, ते याचमुळे, अंगठा थरथरतो आणि सुटतो आणि मेसेज अर्धाच जातो, मग ते नाद सोडतात.

दुसरं, प्रश्न बदल. ‘जेवलात का, गोळी घेतली का, डॉक्टरकडे गेलात का’, याला उत्तर ‘हो’ किंवा ‘ओके’च असणार, दुसरं काय लिहायचं त्यांनी? हे प्रश्न आईला विचार. आप्पांना असं विचार की ज्याचं उत्तर त्यांच्याकडेच आहे. परसातल्या कलमाला यंदा मोहर कसा आहे, थंडी पडली का पुरेशी. आजोबांच्या गिरणीचं नाव काय होतं, खोलीवर किती जण राहायचे, ८२ चा संप झाला तेव्हा घरात काय झालं. मनीऑर्डरची एखादी पट्टी अजून ट्रंकेत आहे का. आणि असा प्रश्न पाठवलास की लगेच उत्तराची वाट बघू नकोस, आठवडा जाऊ दे, इनलँडला जात नव्हता का आठवडा?

व्हिडिओ कॉलवर समोर चेहरा धरून बसायला त्यांना अवघड वाटत असणार, बऱ्याच पुरुषांना वाटतं. त्यांना सांग मागचा कॅमेरा चालू करा आणि आगर दाखवा. बघ कसे बोलतात ते, चालत चालत, ही सुपारी बघ, इथे वानरांनी काय केलंय बघ. हातात काम असलं की त्यांची जीभ सुटते.

निळ्या टिकेचं सांगते. ती २०१४ मध्ये आली, पत्रांच्या काळात तर कोणी कधी पत्र उघडलं हे पाठवणाऱ्याला कळत नव्हतं आणि त्यावाचून नाती चालली होती. शिवाय आप्पांचा फोन घरात कोणाकोणाच्या हातात असतो, नातवाने गेम खेळताना उघडला तरी टिक निळी होते. ती तुला झोंबत असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन रीड रिसीट बंद कर, तुझंही त्यांना दिसणार नाही, त्यांचंही तुला नाही. (ग्रुपवर आणि व्हॉइस मेसेजला ती तरीही दिसते, तेवढं लक्षात ठेव.)

पत्र लिहू का विचारलंस. लिही की, जरूर लिही, पोस्टात इनलँड अजून मिळतं, आणि पत्त्यात पिनकोड विसरू नकोस, आप्पांना आवडणार नाही. ती पिनची पद्धत १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर पोस्टातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते, हे आप्पांना बहुतेक माहीत असेल, नसेल तर पत्रात लिही, खूष होतील. पण पत्र परीक्षा म्हणून पाठवू नकोस, की बघू आता तरी उत्तर देतात का. तुझं जे चाललंय ते लिही, ऑफिसचं टेन्शन काय होतं ते लिही. तू पत्रात त्यांचं सगळं लिहिलंस, स्वतःचं एकच वाक्य, ‘ऑफिसचं टेन्शन होतं’. त्यांना तरी तू कधी सांगितलंस का ते? का तुझ्याकडूनही गेले कित्येक महिने ‘बिझी आहे, नंतर बोलते’ एवढंच जात होतं?

आणि एक काम त्यांना द्यायचं, खरंखुरं, दाखवण्यापुरतं नाही. गणपतीला तुमच्याकडे मुंबई-पुण्याहून सगळे येत असणार. कोण कधी पोचणार, कोणाची झोपायची सोय कुठे, आरत्या कोण म्हणणार, नैवेद्य कोणत्या दिवशी कोणाकडे, हे दरवर्षी ग्रुपवर शंभर मेसेज होऊन गोंधळ होत असेल. यंदा आप्पांना सांग, तुम्ही एका कागदावर लिहून द्या, आम्ही तेवढंच मानू. त्या कागदाचा फोटो भाऊ ग्रुपवर टाकेल. मग कोणाला शंका आली तर ‘आप्पांना विचारा’ असंच उत्तर द्यायचं, तू पण आणि भावाने पण, स्वतः परस्पर काही सांगायचं नाही.

ग्रुपमध्ये परत घ्यायची घाई नको. भाऊ ॲडमिन असेल तर त्याला सांग, न विचारता ॲड करू नको, आधी घरी फोन करून विचार आणि नाही म्हणाले तर तिथेच सोड. तोवर त्यांची सकाळची फुलं तुझ्या एकटीच्या नंबरवर येऊ देत, आणि आली की तू उलट अंगठा पाठवू नकोस, दोन शब्द लिही, मराठीत, देवनागरीत, ऱ्हस्व-दीर्घ बघून.

तुझी,
ताई